अंगणातली पहिली रेल्वे: ट्रॅक कुठला घ्यायचा?

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. ऐकताना मापं पटकन निसटतात, म्हणून इथं ती सावकाश लिहिली आहेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

कानात इयरफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि एसटीत आवाज बंद ठेवून वाचणाऱ्यांनाही.

मागच्या एपिसोडमध्ये मी सहज म्हणालो होतो की आमच्या सोलापूरच्या घरी, अंगणात, मी आणि माझी आठ वर्षांची लेक मिळून छोटी रेल्वे टाकतोय. त्यावर इतके व्हॉइस नोट आले की विचारू नका. आणि नव्वद टक्के लोकांचा प्रश्न एकच. "दादा, ट्रॅक कुठला घेऊ?" एका मित्रानं तर सरळ फोन केला, "काय बे, लिंक टाक की."

लिंक टाकतो, पण लिंकनं काम होत नाही. कारण ट्रॅक म्हणजे नुसते दोन रूळ नाहीत. ट्रॅक ठरला की गाडी किती मोठी, वळण किती मोठं, वीज कुठून येणार, पावसात काय होणार, आणि मुख्य म्हणजे पोरगं त्यात काय करणार, हे सगळं ठरतं. म्हणून आज फक्त ट्रॅक. इंजिन, डबे, स्टेशन, बोगदे पुढच्या वेळी.

आधी आमची अडचण सांगतो

मी सोमवार ते शुक्रवार पुण्यात नोकरीला असतो. सोमवारी सकाळी हुतात्मा पकडायची, शुक्रवारी रात्री परत. तुमच्यातल्या कितीतरी जणांचं हेच आहे. त्यामुळे आठवडाभर ही रेल्वे सांभाळणार कोण? लेक आणि तिची आज्जी. मंगळवारी संध्याकाळी गाडी रुळावरून उतरली, तर "बाबा शनिवारी येऊन बघेल" असं झालं की संपलं. दोनदा तसं झालं की पोरं नाद सोडतात. मग ते बाबाचं खेळणं होतं आणि पोरगं बघ्या.

दुसरी गोष्ट, आमचं घर भाड्याचं. घरमालकीण काकू मोठ्या मनाच्या आहेत, अंगण वापरा म्हणाल्या. पण त्यात सिमेंट ओतायचं नाही, हे त्यांनी सांगायच्या आधी मलाच कळत होतं. उद्या घर बदललं तर रेल्वे पोत्यात भरून नेता आली पाहिजे.

म्हणून आमच्या ट्रॅकची पहिली अट लिहून ठेवली: आठ वर्षांच्या मुलीला एकटीनं उचलता, जोडता, पुसता आणि परत लावता आला पाहिजे. बाकी सगळं या अटीच्या मागून.

ही आयडिया माझी नाही, बार्शी लाईटची आहे

आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना "बार्शी लाईट" म्हटलं की डोळ्यासमोर छोटी गाडी येते. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत ती सुरू झाली. पुढं १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, वारकऱ्यांची सोय झाली. नंतर एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला १९२७ मध्ये मिरज. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली आणि अलीकडे टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला.

ती रेल्वे उभी करणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्यानं केलेली एक गोष्ट मला फार आवडते. त्यानं एक आकडा आधी ठरवला: कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडता कामा नये. मग इंजिन असो, मालडबा असो, प्रवासी डबा असो. इंजिन जड होतंय? मग चाकं वाढवा, वजन जास्त आसांवर वाटून टाका. त्यामुळे रूळ हलके चालले, पूल हलके चालले, खर्च कमी झाला आणि तरी गाडी पुरेसा माल ओढायची.

म्हणजे बघा, "भारीतलं भारी काय मिळतं" असं त्यानं विचारलंच नाही. आपल्याला झेपणारी मर्यादा कुठली, ती पक्की केली आणि सगळं तिच्याभोवती बसवलं. त्याची मर्यादा पाच टन. आमची मर्यादा आठ वर्षांचे दोन हात. तुमची कदाचित वेगळी असेल. लहान गच्ची, कमी पैसे, घरात रांगणारं बाळ. ती आधी कागदावर लिहा. मगच खरेदी.

रुळांमधलं अंतर: गेज

आता पहिला तांत्रिक शब्द. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. बाहेरून बाहेर नाही, आतून आत.

आपल्या सोलापूर जिल्ह्यानं तर तिन्ही मोठी गेज पाहिली आहेत. मुंबईहून येणारा मुख्य मार्ग ब्रॉडगेज, १६७६ मिमी. होटगीहून गदगकडे जायचा तो पूर्वी मीटरगेज, १००० मिमी. आणि बार्शी लाईट नॅरोगेज, ७६२ मिमी. माथेरानची गाडी याहून बारीक, ६१० मिमी.

अंगणातल्या रेल्वेत जगभर मुख्यतः दोन मापं चालतात: ४५ मिमी आणि ३२ मिमी. घरात टेबलावर चालतात त्या एचओ मापाच्या गाड्यांचं गेज १६.५ मिमी असतं. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, पोरांना एकदा जरूर न्या, बघताना तासभर कसा जातो कळत नाही. पण ती छपराखालची रेल्वे. अंगणात एवढं लहान माप चालत नाही. कडुनिंबाचं एक पान पडलं, बारीक खडा आला, मुंग्यांनी मातीचा ढिगारा केला, की छोटं चाक वर चढतं आणि गाडी आडवी. ४५ मिमीच्या गाडीचं चाक मोठं, वजन जास्त. ती पान चिरडून पुढं जाते.

आता ४५ का? जर्मनीत लेहमान नावाच्या कंपनीनं १९६८ मध्ये एल.जी.बी. नावाच्या मोठ्या गाड्या बाजारात आणल्या, ४५ मिमी रुळावर चालणाऱ्या. हिशोब सोपा आहे. खरी मीटरगेज १००० मिमी. तिला साडेबावीसनं भागा, जवळजवळ ४५ येतात. म्हणून त्या गाड्या खऱ्याच्या साडेबावीस पट लहान असतात. पुढं बाकीच्या कंपन्यांनीही तेच गेज धरलं, त्यामुळे आज सगळ्यात जास्त माल याच मापात मिळतो.

हा भागाकार पोरांकडून करून घ्या. माझ्या लेकीनं बार्शी लाईटचा केला: ७६२ भागिले ४५, म्हणजे साधारण १७. मग ती म्हणाली, "म्हणजे मी सतरा पट लहान झाले तर यात बसेन?" बसशील की! तिची उंची सव्वाशे सेंटिमीटर. सतरानं भागली तर साडेसात सेंटिमीटरच्या आतच येते. तेवढ्या उंचीची बाहुली तिनं पुठ्ठ्याची कापली. तीच आता आमची स्टेशनमास्तर आहे.

३२ मिमी वाईट नाही. ६१० मिमीच्या खऱ्या गाड्या सोळा मिमीला एक फूट या मापानं केल्या की त्या बरोबर ३२ मिमीवर बसतात. माथेरानसारखी गाडी करायची असेल तर तेच योग्य. पण त्यातल्या बऱ्याच गाड्या छंदिष्ट मोठ्या माणसांसाठी असतात, खऱ्या वाफेवर चालणाऱ्याही असतात. पहिल्यांदा करताय, सोबत पोरगं आहे, तर ४५ घ्या.

एक सावधानता. खेळण्यांच्या दुकानातल्या बॅटरीच्या गाड्यांचं गेज काहीही असू शकतं. खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका. खिशात पट्टी ठेवा आणि आतून आत मोजा. मोजू देत नसेल तर घेऊ नका.

वीज कुठून? हा प्रश्न ट्रॅकच्या आधी

इथं बहुतेक जण उलटं करतात. आधी ट्रॅक घेतात, मग वीज बघतात. पण विजेवरच तर ट्रॅकचा धातू ठरतो.

पद्धती दोन. पहिली, वीज रुळातून. घरात ट्रान्सफॉर्मर, तिथून कमी दाबाची वीज दोन रुळांत, आणि इंजिन चाकांमधून ती उचलतं. यात गाडी हवी तेवढा वेळ पळते, सेल बदलायला नको. पण रूळ कायम स्वच्छ पाहिजेत, आणि प्रत्येक जोडातून वीज नीट गेली पाहिजे. आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ किती असते, सांगायला नको. संध्याकाळी वावटळ आली की रुळांवर बारीक थर. मग आधी अर्धा तास पुसा आणि दहा मिनिटं खेळा.

दुसरी, बॅटरी इंजिनात किंवा मागच्या डब्यात, आणि हातात रिमोट. मग रुळाचं काम एकच, गाडीला वाट दाखवायची. रूळ मळले तरी चालतं, जोड जरा सैल असला तरी चालतं.

आमच्या अटीला दुसरी पद्धत बसते. अंगणात पाणी मारलेलं असतं, पोरं अनवाणी असतात, म्हणून घरातल्या सॉकेटपासून लांबलचक वायर बाहेर ओढायचा प्रश्नच येऊ देऊ नका. रुळातून वीज द्यायचीच असेल तर ट्रान्सफॉर्मर घरातच कोरड्या जागी ठेवा, बाहेर फक्त कमी दाबाची वायर जाऊ द्या, आणि मोठं माणूस असल्याशिवाय चालू करू नका.

बॅटरीची पण काळजी आहे. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ च्या घरात जातो. इंजिन उन्हात ठेवून जेवायला गेलात असं नको. खेळ संपला की इंजिन घरात. रिचार्ज होणारे साधे पेन्सिल सेल पोरांना बदलता येतात, म्हणून आम्ही तेच धरले.

धातू: पितळ, अ‍ॅल्युमिनियम, स्टील की प्लास्टिक?

आता हे सोपं झालं बघा.

पितळ. अंगणातल्या रुळांत सगळ्यात जास्त चालणारा धातू. गंजत नाही, काळं पडतं, पण घासलं की परत चमकतं. वीज चांगली जाते. चार मोठी माणसं चुकून पाय देऊन गेली तरी जाड पितळी रूळ टिकतो. तोटे दोन: किंमत, आणि भंगार. उघड्या अंगणात पितळ कायम ठेवायचं असेल तर कंपाउंडचं दार बंद होतं का, ते आधी बघा.

अ‍ॅल्युमिनियम. हलकं आणि सहसा पितळेपेक्षा स्वस्त. पण त्याच्यावर जो पातळ थर जमतो तो वीज नीट जाऊ देत नाही. रुळातून वीज द्यायची असेल तर डोकेदुखी. बॅटरीवर गाडी असेल तर मात्र काहीच हरकत नाही. मऊ असतं, पाय पडला की वाकू शकतं, एवढं लक्षात ठेवा.

स्टेनलेस स्टील. पुसायची कटकट सगळ्यात कमी. पण महाग, आणि कापायला, वाकवायला कठीण. पहिल्या ट्रॅकला गरज नाही.

निकेल सिल्व्हर. नावात चांदी आहे, पण आत चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. वीज चांगली, दिसतो छान, पण बऱ्याचदा यातले रूळ बारीक असतात. नीट बांधलेल्या ट्रॅकला उत्तम, रोज उचलायच्या ट्रॅकला नाही.

प्लास्टिक. खेळण्यासोबत येतं ते. हसू नका, पहिल्या महिन्यासाठी ते चांगलं आहे. फक्त उन्हात ठेवू नका. साधं प्लास्टिक आपल्या उन्हात ठिसूळ होतं आणि टिचकीसरशी तुटतं. संध्याकाळी काढा, रात्री आत घ्या.

जाहिरातीत "कोड ३३२" किंवा "कोड २५०" असं लिहिलेलं दिसेल. घाबरू नका. ती रुळाची उंची आहे, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड ३३२ म्हणजे साधारण साडेआठ मिमी उंच रूळ, दणकट. कोड २५० म्हणजे सव्वासहा मिमीच्या थोडं वर, दिसायला खऱ्यासारखा पण नाजूक. पोरं, चेंडू, कुत्रं, धुणं वाळत घालणारी आज्जी, हे सगळं एकाच अंगणात असेल तर ३३२.

रुळाखालचे प्लास्टिकचे स्लीपर बाहेरच्या उन्हासाठी बनवलेत का, तेही विचारा. रूळ वर्षानुवर्षं टिकतो, स्लीपर आधी जातो.

वळण: इथं कंजुषी नको

ट्रॅकचे तुकडे ठरलेल्या वळणाचे मिळतात. सगळ्यात लहान वळणाची त्रिज्या साधारण ६०० मिमी. म्हणजे १.२ मीटर व्यासाचं वर्तुळ, बारा तुकड्यांत पूर्ण. सुरुवातीच्या संचात सहसा हेच येतं. छोटं इंजिन आणि दोन डबे असले तर ते पुरतं. पण लांब डबा त्यावर ओढला जातो, चाकाची कड रुळाला घासते, आणि वेग जरा वाढला की गाडी बाहेर.

त्रिज्या जेवढी मोठी तेवढी गाडी शांत चालते. म्हणून नियम असा: अंगणात बसेल ते सगळ्यात मोठं वळण घ्या, आणि मग सरळ तुकडे कमी करा. उलटं करू नका.

बसेल की नाही हे कसं कळणार? त्यासाठी ॲप नको. एक खिळा, एक सुतळी आणि रांगोळी. मध्ये खिळा रोवायचा, सुतळी त्रिज्येएवढी धरायची आणि पोरानं गोल फिरत रांगोळी सोडत जायचं. आमच्या अंगणाची लांबी साडेपाच मीटर, रुंदी तीन मीटर तीस सेंटिमीटर. १.२ मीटर त्रिज्या धरली तर व्यास २.४ मीटर. दोन्ही बाजूला पंचेचाळीस सेंटिमीटर उरतात, म्हणजे चालायला वाट राहते. दोन अर्धवर्तुळं आणि मध्ये दीड-दीड मीटर सरळ, असा लांबट गोल. एकूण लांबी साडेदहा मीटर. या मापात वळणाचे सोळा तुकडे लागतात आणि तीस सेंटिमीटरचे सरळ दहा. एकूण सव्वीस.

ती रांगोळी दोन दिवस तशीच ठेवा. धुणं वाळत घालताना आज्जी कुठून जाते? स्कूटर कुठून आत येते? पाण्याची टाकी भरायला पाइप कुठून ओढतात? आमच्या लेकीनं स्कूटरची वाट बघून गोल एक फूट सरकवला. एक रुपयाही खर्च न होता ट्रॅकची जागा पक्की झाली.

पहिल्याच वेळी गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारे पॉइंट्स घेऊ नका. महाग असतात, आणि गाडी सगळ्यात जास्त तिथंच घसरते. आधी नुसता गोल. तसंच चढ टाळा. माथेरानच्या गाडीला वीस मीटरला एक मीटर असा चढ आहे, म्हणून आपल्यालाही करावासा वाटतो. पण तो डोंगर त्यांना टाळता येत नव्हता, आपलं अंगण सपाट आहे. उतार असलाच तर मीटरला दोन सेंटिमीटरच्या आत ठेवा.

काळी माती आणि आपलं ऊन

परदेशी व्हिडिओत हा भाग सापडणार नाही, म्हणून नीट ऐका.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर थेट ट्रॅक ठेवलात तर जूनमध्ये सपाट असलेला गोल सप्टेंबरच्या पावसानंतर लाटांसारखा होतो. सिमेंटची पट्टी हा उपाय वाटतो, पण फुगणाऱ्या मातीवर पातळ सिमेंट तडकतं, आणि भाड्याच्या घरात ते नकोच.

उपाय खऱ्या रेल्वेचाच. ट्रॅक जमिनीला बांधायचा नाही, खडीवर तरंगता ठेवायचा. वीतभर रुंद, चार बोटं खोल चर काढा. तळाला जुन्या शेडनेटचा तुकडा अंथरा, म्हणजे खडी मातीत बुडत नाही. त्यावर मुरूम, पाणी मारून धुम्मसानं ठोकलेला. वर बारीक खडी आणि कच. त्यावर ट्रॅक ठेवायचा आणि स्लीपरच्या मधल्या फटी त्याच कचनं भरायच्या. पाणी खाली निघून जातं. माती हलली तर खडी थोडी इकडंतिकडं सरकवायची, झालं.

खडी फोडलेली, कोनदार घ्या. नदीचे गोल गोटे दिसतात छान, पण एकमेकांवरून घरंगळतात. कोनदार खडी एकमेकांत अडकते. खऱ्या रुळांखाली फोडलेली खडी का असते, त्याचं हे कारण. पोरांना दोन्हींचे ढीग करून दाखवा, हातानं ढकलायला सांगा, लगेच कळतं.

सपाटीसाठी पाणसळ लागते. नसेल तर मोबाइलमधलं लेव्हल चालतं. रुळांवर आडवी पट्टी ठेवा, तिच्यावर फोन. लांबीत थोडा उतार चालेल, पण एक रूळ वर आणि एक खाली असं नको.

आता ऊन. धातू तापला की लांब होतो. थंडीतली पहाट आणि मेमधली दुपार यांच्यात रुळाच्या तापमानाचा फरक ४५ अंश धरू, कारण उन्हातला रूळ हवेपेक्षा जास्त तापतो. साडेदहा मीटर पितळ तेवढ्यानं सुमारे ९ मिमी लांब होतं. अ‍ॅल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, ११ मिमीच्या आसपास. ९ मिमी सव्वीस जोडांत वाटले तर प्रत्येक जोडाला जेमतेम पाऊण मिमीच्याही निम्मं. म्हणजे एका व्हिजिटिंग कार्डाची जाडी! म्हणून थंड सकाळी ट्रॅक जोडताना प्रत्येक जोडात कार्ड घाला, तुकडे भिडवा, कार्ड काढा. भर दुपारी जोडत असाल तर फट नको, रूळ आधीच लांब झालेले असतात. ही फट ठेवायचं काम लेकीकडं आहे, आणि ती लग्नपत्रिकेचा तुकडा वापरते.

दोन सूचना सुरक्षेच्या. मेमध्ये दुपारी रूळ हाताला चटका देतो, म्हणून खेळ सकाळी नऊच्या आत किंवा सहानंतर. आणि खडीत विंचू दडू शकतो. हात घालायच्या आधी काठीनं खडी हलवा. पोरांना ही सवय पहिल्या दिवशीच लावा.

खरेदी कशी करायची

या मापाचा ट्रॅक आपल्या गल्लीच्या दुकानात मिळत नाही. बराचसा बाहेरून मागवावा लागतो, म्हणून दिसणारी किंमत खरी धरू नका. कुरिअर आणि कस्टम ड्यूटी मिळवून घरपोच आकडा काढा, मग ठरवा.

सगळे तुकडे एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे ४५ मिमीचे रूळ बऱ्याचदा एकमेकांना जुळतात, पण जोडाच्या पट्ट्या सैल-घट्ट निघतात, आणि पोरांच्या बोटांना तिथंच त्रास होतो. शक्य असेल तर आधी चारच तुकडे मागवा. ते पोराच्या हातात द्या आणि तुम्ही हात मागे बांधून बसा. त्यानं स्वतः जोडले, सोडवले, परत जोडले, तर बाकीचे मागवा. वापरलेला ट्रॅक मिळाला तर उत्तमच. पितळ जुनं झालं तरी पितळच असतं.

बजेट एवढं नसेल तर खेळण्यातली बॅटरीची गाडी आणि तिचा प्लास्टिक ट्रॅक घ्या, पण रांगोळीचा गोल, खडीचा पाया, मोजमाप हे सगळं तसंच करा. पुढं पितळ आलं तर पाया तयार असेल, आणि नाही आलं तरी पोराला रेल्वे कशी उभी राहते ते कळलेलं असेल.

ट्रॅक कुणाचा?

खऱ्या रेल्वेत रुळांवरून चालत जाऊन रोज तपासणी करणारी माणसं असतात. आपण त्यांना गँगमन म्हणायचो, आता ट्रॅकमेंटेनर म्हणतात. ऊन असो, पाऊस असो, त्यांनी बघितल्याशिवाय आपली हुतात्मा सुखरूप धावत नाही. घरच्या रेल्वेतलं सगळ्यात मोठं पद हेच आहे, आणि ते पोराला द्या.

आमच्याकडं ती रोज शाळेतून आल्यावर एक फेरी मारते. जुना टूथब्रश रुळांना, नारळाच्या शेंडीचा कुंचा खडीतल्या पानांना. मग एक मोकळा डबा हातानं ढकलत पूर्ण गोल. कुठं अडखळला तर तिथं रांगोळीची खूण. इंजिन त्यानंतरच. आणि मग मला पुण्यात व्हॉइस नोट येतो: "बाबा, सात नंबरच्या जोडाजवळ खडी खाली गेली होती, मी भरली." कधी कधी मी मीटिंगमध्ये असतो, तो नंतर ऐकतो. पण शनिवारी घरी आल्यावर मला काही दुरुस्त करायचं उरलेलं नसतं. आम्ही सरळ गाडी सोडतो.

म्हणून "कुठला ट्रॅक घेऊ" याला माझं उत्तर एका दमात: ४५ मिमी गेज, बॅटरीचं इंजिन, अंगणात बसेल ते मोठ्यात मोठं वळण, कोड ३३२ चे सुटे तुकडे, एकच गोल, आणि खाली फोडलेली खडी. धातू पैशाप्रमाणे. आणि यातलं काहीही पोराच्या हाताला झेपत नसेल, तर ते बदला.

आपापल्या अंगणाची, गच्चीची लांबी-रुंदी मोजून व्हॉइस नोट पाठवा. मोजमाप पोरानं करायचं, आवाजही त्याचाच पाहिजे. पुढच्या एपिसोडमध्ये इंजिन. तोवर राम राम!